मीच जोडलेला कॉम्प्युटर

छत्तिसाव्या वर्षी गेम खेळायला कॉम्प्युटर घेतो म्हटल्यावर बायको फक्त "बरं" म्हणाली. त्या एका शब्दात तिनं माझी जेवढी लायकी काढली, तेवढी कंपनीच्या साहेबांनाही कधी जमली नव्हती. आयटीआयला असताना दौंडच्या एका नेट कॅफेत मी तासावर पैसे देऊन गाड्या पळवायचो. तेव्हापासून स्वतःचं मशिन हवं होतं. तेही तयार आणायचं नव्हतं, सुटे पार्ट घेऊन हातानं जोडायचं होतं. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी चौदा वर्षं मेंटेनन्सला फिटर आहे. मी आवळलेला पाइपचा जॉइंट गळत नाही, हे माझ्या शिफ्टमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच जोरावर मी कॅन्टीनमध्ये जाहीर करून टाकलं की कॉम्प्युटर मीच बसवणार, दुकानदाराला हात लावू देणार नाही. झालं, आता प्रश्न इज्जतीचा होता.

आधी महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले. जांभळ्या उजेडात बसलेली, दाढी कोरलेली पोरं "एकदम बजेटमध्ये" म्हणून जो आकडा सांगायची, तो ऐकून मला त्यांच्या बापाची कीव यायची. मग शिरूरला सासुरवाडीला गेलो, तेव्हा तिथल्या एका दुकानात चौकशी केली. त्या माणसानं काचेची कॅबिनेट पुढं केली. सहा पंखे आणि सहाही पंख्यांत लाइट. गणपतीच्या मांडवात शोभली असती. आत काय बसवलंय विचारलं तर म्हणाला, "गेमिंग हाय ना दादा." प्रोसेसर कुठला, असं मी दोनदा विचारलं. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेल्या जुन्या मशिनचा होता. ते सांगताना तो खाली बघत होता, आणि सांगून झाल्यावर त्यानं पुन्हा लाइटचा रिमोट दाबून दाखवला. रंग बघून पैसे मोजणाऱ्यांचंच हे दुकान, म्हणून मी निघालो.

दौंडचा दुकानदार त्यातल्या त्यात बरा निघाला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मनगटं काडीसारखी. पण सल्ला खरा दिला. "लाइटचा नाद सोडा दादा," तो म्हणाला, "त्ये पैसं ग्राफिक कार्डात घाला. आन् पावर सप्लाय हलका घेऊ नका." पार्टची यादी त्यानंच करून दिली, हे मला कबूल करावं लागेल. पण बोलता बोलता तो दुसऱ्या कुणाचं तरी मशिन जोडत होता, आणि ते बघून माझं डोकं फिरलं. स्क्रूड्रायव्हर त्यानं अंगठा आणि एका बोटात धरला होता, बाकीची तीन बोटं हवेत. असल्या हातानं आमच्याकडं कुणी बोल्ट लावला तर सुपरवायझर त्याच्या हातात झाडू देईल. जोडून झाल्यावर त्यानं कॅबिनेटच्या मागं दुकानाचा लाल स्टिकर चिकटवला.

"तुमचं बी बसवून देऊ का? त्याचं पैसं न्हाई घेत," त्यानं विचारलं.

दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. त्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "तू हात लावू नको. आन् तुझा स्टिकर बी नको. फुकाटचं श्रेय घ्यायचं न्हाई."

"बरं," तो म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये चादर अंथरून बसलो. मदरबोर्ड म्हणजे सगळे पार्ट जिच्यावर बसतात ती हिरवी पाटी. तिला नऊ बारके स्क्रू. मी कंपनीतल्यासारखेच लावले, समोरासमोरचे जोडीनं, तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत बसवायचे, दुसरीत आवळायचे, तिसरीत जीव खाऊन आवळायचे. मोबाईलमधला पोरगा "हलक्या हातानं" असं सारखं सांगत होता. त्याच्या आयुष्यात कधी काही गळलं नसणार, असं म्हणून मी त्याचा आवाज बंद केला. तिसऱ्या फेरीत कोपऱ्यातून कट् असा आवाज आला. आता कसं नीट बसलं, असं वाटून मला बरं वाटलं.

वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. रॅम काढून घातली, वायरी काढून घातल्या. दुपार झाली. बायको धुणं वाळत घालायला जाता जाता थांबली, काळ्या स्क्रीनकडं बघितलं आणि पुढं गेली. मग बॅटरीच्या उजेडात कोपरा बघितला. स्क्रूपासून आत केसाएवढी चीर गेली होती. मदरबोर्डात गळण्यासारखं काहीच नसतं, हे चौदा वर्षांच्या अनुभवी माणसाला कोपरा फुटल्यावर कळलं. स्वतःची इतकी किळस मला क्वचितच आली असेल.

संध्याकाळी सगळं खोक्यात भरून दुकानात गेलो. "बॉक्समधनंच असा निघाला," मी म्हणालो. खोटं बोलताना आवाज मात्र मी चढवला.

त्यानं बोर्ड उजेडात धरला. चिरेवर अंगठा फिरवला, मग बाकीचे स्क्रू लागले होते तिथल्या खुणा बघितल्या.

"कुरकुंभला का तुम्ही?"

"व्हय."

"मेंटेनन्सला?"

मी मान हलवली.

"मग बरुबर हाय," तो म्हणाला. "तिकडचं फिटर लोक समदे असंच आवळत्यात. फुटलेल्याला वॉरंटी नसती दादा. दुसरा घ्यावा लागंल."

म्हणजे मी पहिला नव्हतो. माझ्या ज्या हाताचा मला एवढा माज, तसले हात त्याच्या काउंटरवर फुटके बोर्ड घेऊन नेहमी येत होते. मी दुसरा बोर्ड घेतला आणि खाली मान घालून म्हणालो, "तुम्हीच बसवा." तोपर्यंत मी त्याला अरेतुरे करत होतो.

अंगठा आणि एका बोटानं त्यानं अर्ध्या तासात सगळं जोडलं. स्क्रीन उजळली. मग त्यानं ड्रॉवर उघडून लाल स्टिकरांचा कागद काढला, एक स्टिकर अर्धा सोलला, माझ्याकडं बघितलं आणि परत दाबून बसवला.

"तुम्ही नको म्हणला व्हता," तो म्हणाला. टोमणा मारला असता तर मी भांडलो तरी असतो. पण त्याला खरंच तेवढंच म्हणायचं होतं.

मशिन झकास चालतंय. पुढच्याच आठवड्यात शिफ्टमधले दोघं बघायला घरी आले. कुणी बसवला, असं त्यांनी विचारलं, आणि मी "मीच" म्हणालो. चहा घेऊन आलेली बायको कप ठेवून आत गेली. दोघांनी कॅबिनेट उचलून पुढून बघितली, फिरवून मागून बघितली, आणि "हात हाय बाबा तुला" म्हणाले. मला खोटं पाडायला मागं साधा एक स्टिकरसुद्धा नव्हता.