गेरूच्या रेघा

अमडापूरच्या डाळमिलमध्ये, गोदामाच्या मागच्या भिंतीवर गेरूच्या अकरा रेघा होत्या. त्या महादेवराव मुकादमांच्या. मिलमागचा नाला फुगला की पाणी गोदामात शिरायचं आणि भिंतीवर गाळाचा डाग सोडून जायचं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला गेरू घेऊन महादेवराव त्या डागावर रेघ ओढायचे, शेजारी साल लिहायचे. सगळ्यात वरची रेघ त्यांच्या कमरेला लागायची. तिच्याखाली तुरीचं एक पोतं ठेवू द्यायचे नाहीत. सगळा माल उंच लाकडी माचांवर. हमाल पाठीच्या नावाने बोंबलायचे, पण सत्तावीस वर्षांत एक पोतं भिजलं नाही.

मग शहरातून फर्मान आलं. मिलची डाळ उचलणाऱ्या कंपनीचं म्हणणं, हवामान बिघडतंय, तेव्हा प्रत्येक मिलने धोक्यांचा आराखडा करावा, नाहीतर माल घेणार नाही. यात खोटं काही नव्हतं. पाऊस हल्ली महिनाभर तोंड दाखवत नाही आणि एका दुपारी सगळं ओतून मोकळा होतो. पण मालक सागरशेठला धोका कमी करायचा नव्हता, फाइल जाड करायची होती. पुण्याहून सल्लागार म्हणून अनुपमा मॅडम आल्या. महादेवरावांनी त्यांना भिंतीपाशी नेऊन एकेक रेघ समजावली. मॅडमनी मान डोलावली, टॅबवर बोटं फिरवली आणि चहा घेऊन गेल्या.

फाइल आली, ती इंग्रजीत. एका पानावर 'जबाबदार व्यक्ती' म्हणून महादेवरावांचं नाव छापलेलं. सही करताना माणूस असा फुलला की विचारू नका. घरी बायकोला, अंबूबाईला म्हणाले, "माह्या साऱ्या रेघा कागदावर चढल्या. नावासगट."

"तुमी वाचलं काय?"

"इंग्रजीत हाय वं. पण मॅडमनं समदं लिहून घेतलं."

कंपनीच्या तपासणीच्या आठ दिवस आधी सागरशेठने भिंत रंगवायला सांगितली. फोटोत घाण दिसते म्हणे.

"मंग पाणी कुठलोक येते हे नव्या हमालाले कसं समजन?"

"फाइलीत हाय ना सारं, काका."

हे मात्र पटलं. महादेवरावांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर दोनदा पांढरा रंग मारला. आजही ते आठवलं की त्यांना स्वतःची चीड येते, आणि यावी.

दुसऱ्या दिवशी माच निघायला लागले. महादेवराव धावत गेले. "हे काऊन काढून राह्यले?"

सागरशेठ शांतपणे म्हणाला, "फाइलीत पुराचा धोका कमी लिहेल हाय. मंग ही अडगळ कायले?"

कमी? त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. सरकारी कागदांत त्या नाल्याचा पूरच नाही, मॅडम म्हणाल्या, आणि भिंतीवरची रेघ काही नोंद म्हणून धरता येत नाही. महादेवरावांनी भिंतीकडे पाहिलं. ती कोरी होती.

ऑगस्टमधल्या एका दुपारी दोन तासांत नाला आत आला, थेट कमरेपर्यंत. जमिनीवर रचलेल्या पोत्यांतली तूर फुगली, शिवणी उसवल्या, आठवडाभर गावात आंबूस वास होता. कंपनीने विचारलं, जबाबदार कोण? सागरशेठने फाइलीतलं ते पान काढून दिलं. खाली सही होतीच. सत्तावीस वर्षांचा मुकादम एका दुपारीत घरी बसला, आणि बाजारात लोक त्याच्याकडे बघून हळू बोलायला लागले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिलमधून निरोप आला. नवा आराखडा करायचाय, जुन्या रेघा कुठे होत्या ते दाखवा. अंबूबाई म्हणाली, "जाऊ नका. लाज नाही त्याईले." पण आत हमाल काम करत होते, ते महादेवरावांचेच होते. ते गेरूची वाटी घेऊन गेले. अकराही रेघा आठवणीने ओढल्या, बारावी यंदाची. प्रत्येकीशेजारी साल घातलं.

नव्या आराखड्यासाठी पुन्हा आलेल्या मॅडमनी फोटो काढले.

"याच्याखाली माह्यं नाव टाकसान काय?"

"फोटोखाली 'प्रत्यक्ष पाहणी' एवढं पुरतं, काका."

टेबलावर नवी फाइल उघडी होती. 'जबाबदार व्यक्ती'समोर आता नव्या मुकादमाचं, जीवनचं नाव होतं. तो हातात पेन घेऊन उभा होता, चेहरा आनंदाने उजळलेला.

"आधी वाचून घे बे," महादेवराव म्हणाले.

"इंग्रजीत हाय, काका," जीवन हसत म्हणाला आणि त्याने सही केली.