पाहुण्यांसाठी बंद होणारा ब्लोअर

नारायणगाव मागं पडलं तोच फोन वाजला. राजुरीच्या बाजूच्या एका डेअरीचे चेअरमन. "ताई, टाकी भरत आलीया. पडदे चालले न्हाईत तर सांजचं दूध घेता येनार न्हाई. लोकं मला फाडून खातील!"

डेअरीचं सांडपाणी टाकीत आधी जिवाणू खातात, मग ते बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळलं जातं. पण त्याच जिवाणूंचा बुळबुळीत थर पडद्यांवर बसला, की आटोपला कारभार. गेल्या खेपेला मीच पडदे लख्ख धुऊन दिले होते. इतक्यात पुन्हा तेच? माझीही अब्रू त्या टाकीत गटांगळ्या खात होती.

पोचले, तर प्लांट सांभाळणारे जुन्नरचे युनूसभाई टाकीशेजारीच ताट वाढून उभे. मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी) आणि झणझणीत रस्सा! कामाचं नाव काढू देईनात. "उपाशी पावण्यानं हत्यार धरायचं न्हाई, ताई."

दुसऱ्या वडीला एक चिमणी चिवचिवली आणि माझा घास हातातच राहिला. अहो, प्लांटवर चिमणी ऐकू येतेच कशी?

"युनूसभाई, ब्लोअर?"

"बंद केलाय की. पावणं जेवताना घरघर बरी दिसती का?"

"आणि पाहुणे नेहमी येतात?"

"रोजच. चेअरमन सायेब लई हौसेनं प्लांट दाखवत्यात. मग त्यांचं बोलणं ऐकू नको यायला?"

मी कपाळावर हात मारला. ब्लोअरच्या हवेचे बुडबुडेच तर पडदे घासत राहतात! दूध ढवळायचं थांबलं की साय धरते, तसा हा थर धरत होता. पोटात मासवडी असताना चिडणं कठीण, तरी मी चिडले. "पडदे पाणी ओढत असताना ब्लोअर बंद करायचा नाही. साक्षात देव आला तरी नाही!"

तेवढ्यात येऊन पोचलेले चेअरमन गोरेमोरे झाले. ब्लोअर लावला, पडदे औषधाच्या पाण्यानं धुतले आणि तासाभरानं नळीतून नितळ धार पडली. टाकी उतरू लागली. फाटकाशी दुधाच्या किटल्या खणखणल्या, तेव्हा चेअरमनांनी चक्क डोळे पुसले.

मग अर्थातच शाल आली. सवयीनं युनूसभाईंचा हात बटणाकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागं आला. चेअरमनांनी त्या घरघरीतच भाषण ठोकलं. ओठ हलताना दिसत होते. युनूसभाई अंदाजानं टाळ्या वाजवत होते.

पुण्याला घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाले गं भाषणात?"

खरं सांगते, एक अक्षर ऐकू आलं नाही; माझ्या शब्दाखातर ब्लोअर चालूच होता. त्या मुलखात पाहुण्याचा याहून मोठा मान दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल.