पुसून दिलेली खुर्ची

मच्छे गावच्या कारखान्यात शिरताना गेटवरच वॉचमननं सांगितलं, ‘स्टोअरचा बसू गेला.’ रविवारी पहाटे, गावी, छातीत कळ येऊन. शनिवारी आम्ही एकाच डब्यात जेवलो होतो.

बसवराज चिकोडीजवळच्या खेड्यातला, घर कानडी. मी वडगावच्या विणकराचा मुलगा, हिशेब खात्यात. सरकारी कचेऱ्यांशी कारखान्याचा कानडी पत्रव्यवहारही माझ्याकडेच. माझ्या कानडीत चूक काढून दाखवा, असं मी तिथल्या कारकुनांना सांगायचो. कुणाला काढता आली नाही.

बसू आमच्या गल्लीत खोली घेऊन राहायचा. संध्याकाळी घरी आला की माझ्या आईच्या हातमागाशेजारी जमिनीवर बसायचा. खुर्ची पुढं केली तर म्हणायचा, ‘वर बसला की आक्का दिसत न्हाय.’ मराठी त्याची सगळी मोडकी. बायको ‘आला’, बस ‘गेला’... मी चुका मोजायचो. एकदा तो गेल्यावर आईला म्हणालो, ‘आज सतरा.’ तिनं धोटा थांबवला. ‘आणि सांगत काय हुता, त्ये ऐकलास?’ मग तिनंच सांगितलं. तो त्याच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होता.

माझे वडील गेले तेव्हा आई दोन दिवस रडली नव्हती. बसू आला, तिच्याजवळ बसला नि म्हणाला, ‘आक्का, आप्पा गेला... आता कुणाचं शिव्या खाऊ मी?’ आप्पा त्याला रोज शिव्या घालायचे. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘कुणाच्या, म्हण.’ आई ओरडली, ‘गप रं तू!’ आणि तिला रडू फुटलं. हे लिहितानाही मान खाली जाते.

बसूच्या तेराव्यानंतर मी त्याच्या गावी गेलो. त्याची आई दारात बसली होती. काय बोलायचं ते मी बसमध्ये मनात जुळवून ठेवलं होतं. ‘आपल्या चिरंजीवांचा मी सहकारी. त्यांच्या अकाली निधनानं आम्हा सर्वांना तीव्र दुःख झालं आहे.’ कानडी अगदी शुद्ध. म्हातारी लगबगीनं उठली. आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली. ‘बसा साहेब.’ मग एक पिशवी आणून माझ्या हातात दिली. आत आधार कार्ड, रेशन कार्ड, बसूचा मृत्यूचा दाखला. ‘कुठल्या ऑफिसातनं आलासा? अजून काय लागतंय?’

मी तुमच्या बसूचा मित्र, एवढंच सांगायचं होतं. तेवढी कानडी माझ्याजवळ नव्हती काय? होती. पण लाज वाटली, आणि लाजेपोटी मी ते कागद खरंच तपासले. ‘सगळं बरोबर आहे,’ म्हणालो. तिनं हात जोडले.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई मागावरून उठली. मग म्हणाली, ‘मला घिऊन चल.’

तिची कानडी बाजारातली. या, जा, केवढ्याला, एवढीच. पुढच्या रविवारी ती त्या दारात गेली, म्हातारीच्या शेजारी घोंगड्यावर टेकली, तिचा हात हातात घेतला नि म्हणाली, ‘नम्म बसू... होग.’ आमचा बसू, जा. क्रियापद चुकलं होतं, आणि तेही माझ्या ध्यानात आलं. म्हातारीनं तिच्याकडं नीट पाहिलं. ‘वडगावची आक्का?’ एवढंच विचारलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग दोघी किती तरी वेळ बोलत होत्या, एक कानडीत, एक मराठीत. बसू आमच्या मागाशेजारी बसायचा तशाच, जमिनीवर, एकमेकींकडं तोंड करून.

मी दारातच उभा होतो. आईनं माझ्याकडं बोट दाखवून, ‘ह्यो माझा ल्योक, बसूचा दोस्त,’ असं सांगितलं. म्हातारीला कळलं असावं, कारण ती हसली. मग डोळे पुसत उठली, आत गेली आणि तीच खुर्ची घेऊन आली. पदरानं पुसून माझ्यापुढं ठेवली.

मी शुद्ध कानडीत आभार मानले आणि बसलो.