टालीच्या काट्यावरची सून

अंजनाबाई मनानं चांगली होती, असं लोक आता म्हणतात. म्हणू द्या. मी तिच्या भिंतीले भिंत लावून संसार केला, मले विचारा.

सक्करदऱ्यात तिची लाकडाची टाल होती, जळतणाची वखार. नवरा मेल्यावर एकटीनं चालवली. तोंड असं, की गाडीवाले भाव करायले भीत. माणसाचा भरोसा तिले नव्हता, भरोसा एकाच गोष्टीचा, टालीतल्या वजनकाट्याचा. काटा म्हणेल ते खरं, बाकी सारे लबाड.

बहात्तर सालची गोष्ट. तिच्या पोराची, बळीरामची बायको शामला, भिवापूरची पोरगी. लग्नात कशी टवटवीत होती, अन वर्षभरात पार वाळली. दिवाळीले तिचा बाप देवाजी आला. चार माणसांत बोलला, "अंजनाबाई, माह्या पोरीले जेवाले देता का नाही? होळीले येतो. अंगात भर दिसली तं ठीक, नाही तं घेऊन जाईन."

बाईले हे झोंबलं. सून काहून वाळली, हे तिनं विचारलं नाही. चार माणसांत नाक कापलं गेलं, तेवढंच तिले दिसलं.

मंग दर सोमवारी शामलाले टालीच्या पारड्यात बसवणं सुरू झालं. गिऱ्हाईकं उभी, हमाल उभे. पोरगी तोंडावर पदर ओढून, गुडघे पोटाशी घेऊन बसे. "हलू नको वं, बाभळीचं लाकूड बरं तुह्यापेक्षा," अंजनाबाई म्हणे, अन सारे हसत. मेला बळीरामही हसे. काटा नाही हलला, तं त्या दिवशी ताटावरून उठू देत नसे. तुपाची धार, खारं लोणचं, पापड, वरून मिठाचं ताक. "भूक नाही जी आत्याबाई, दम लागते," शामला म्हणे. तरी घास कोंबणं चालूच.

संक्रांतीपासून वजन वाढायले लागलं. अंजनाबाईनं गल्लीभर तिळगूळ वाटला. "पाहा, अंगी लागून राहिलं."

मी शामलाले बांगड्या भरायले बसवलं तेव्हा दंड हातात आला. नुसतं हाड, वर कातडं. पाय मात्र खांबासारखे, जोडवी बोटांत रुतलेली. मी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, अन भरेचना. मी तशीच उठली अन अंजनाबाईले म्हटलं, "बाई, हे मांस नाही, सूज आहे. डॉक्टरले दाखव."

"तुह्यानं पाहवत नाही का वं?" ती म्हणाली. "काटा खोटं बोलते का?"

होळीले देवाजी आला. अंजनाबाईनं त्याले पाणीही विचारलं नाही, आधी काट्याजवळ नेलं. शामला पारड्यात बसली. दुसऱ्या पारड्यात वजनं चढत गेली, दिवाळीनंतरच्या पहिल्या वजनाच्या कितीतरी वर. देवाजीचे डोळे भरले. त्यानं हात जोडले. "चुकलो मी, इहीनबाई."

पारड्यातून उतरताना शामलानं बापाचा हात धरला. "बाबा, मले घेऊन चला. रात्री झोपता येत नाही, बसून राहतो मी."

"वेडी का तू?" बाप म्हणाला. "इथं अंगाले लागलं, तिकडं काय खाशील?" अंजनाबाईनं त्याले पुरणपोळी वाढली, अन तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. मी दारात उभी होती. बाप गेला त्या वाटेकडं पाहात राहिलेली ती पोरगी मले आजही दिसते, अन आजही संताप येते.

पाडव्याच्या आत तिले श्वास घेता येईना. तेव्हा कुठं बळीरामनं धरमपेठेतल्या डॉक्टरकडं नेलं. मीही संगं होती. अंजनाबाई तिथंही वजनच सांगत बसली. डॉक्टरनं पाय दाबून पाहिला, दंड चिमटीत धरून पाहिला.

"वजन किती ते मला सांगू नका," तो म्हणाला, "ते कशाचं, ते पाहायचं होतं. हिच्या अंगावर ना मांस उरलं, ना चरबी. वाढलं ते सगळं पाणी. किडन्या गेल्या, आणि वरून तुम्ही मीठ खाऊ घातलं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. देवाजी आला तेव्हा सरणाचं लाकूड त्याच काट्यावर चढत होतं. हमालानं विचारलं, किती घालू. अंजनाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जास्त घाल बापा. भरलेली होती माही सून."

 देवाजी पारड्याकडं पाहात उभा राहिला.