चहाला न चाललेलं पाणी

“पाणी कोणी भरलं होतं?”

सरांनी विचारलं तेव्हा पातेल्यात पाणी खदखदत होतं. श्रीगोंद्याकडची आमची शाळा, दहावीचा वर्ग. विद्युत ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर. सरांनी विजेची शेगडी लावली, कॉइल लालभडक झाली, थर्मामीटर बघून आम्ही तापमान ओरडून सांगितलं. शाळेची एक रीत होती. प्रयोगाचं पाणी वाया घालवायचं नाही, त्याचाच सरलोकांचा चहा. शिपाईमामा साखर-पत्ती घेऊन दारात उभेच होते.

पोरींनी माझ्याकडे बोट केलं. मी मांगवाड्यातली. वस्तीच्या पाटीवर ‘नगर’ लिहिलंय. लोकांच्या तोंडी मांगवाडाच.

सर हसले. गोड हसले.

“हे मोरीत ओतून ये. चहाला दुसरं ठेवू. राग मानू नको गं, मला तसलं काही नाही. बाकीच्यांना चालत नाही.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. पाणी उकळलं की त्यातले जंतू मरतात, हे याच सरांनी शिकवलेलं. माझ्या हाताचा विटाळ तेवढा मरत नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी त्या दिवशी बघितला.

आणि ओतायचं कोणी? मीच. लाजेनं मेल्यासारखं झालं. मग लाज गेली, नुसता संताप उरला. मी हात मागे बांधले.

“मी न्हाई ओतनार. तुमी ओता. आन् कशापायी ओतताय, ते वर्गाला सांगून ओता.”

सरांचं हसू मावळलं.

“प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत. उद्या सगळ्यांसमोर माफी माग.”

घरी आई म्हणाली, “माग बये माफी. दहावी निघू दे. मान खाली घालायची आपल्याला सवय हाय.”

सरांपेक्षा मला त्या सवयीचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्याजवळ उभं केलं. “बोल.”

“काल माझ्या हातचं पानी चहाला चाललं न्हाई,” मी म्हणाले. “मी माफी मागनार न्हाई.” आणि जागेवर जाऊन बसले.

प्रॅक्टिकलला वर्गात सगळ्यांत कमी मार्क मला पडले. आता कॉलेजात कोणी विचारतं, एवढे कमी कसे? मी खरं कारण सांगते. जातीसकट, आवाज न उतरवता. ऐकणारे अवघडतात. अवघडू देत. मी गप्प बसणार नाही.