उलटा हात

सुपडूभाऊंचा फोन आला तेव्हा मी प्रकाशा गावातल्या माझ्या घरी भाकरी टाकत होते. सुपडूभाऊ म्हणजे आमच्या तंत्रनिकेतनातल्या मशीन लॅबचे मदतनीस. "मॅडम गयात," एवढंच म्हणाले. तव्यावरची भाकरी जळून गेली. खरं सांगते, पहिल्यांदा दुःख झालंच नाही, भीती वाटली. आता लॅबचा विजेचा बोर्ड कोण उघडणार?... शमीम मॅडमच्या जाण्याची बातमी माझ्यापर्यंत भीतीच्या वाटेनं आली आणि काही आठवडे झाले तरी भीती तिथून हललेली नाही.

त्या आमच्या विद्युत विभागाच्या प्रमुख. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागले. माझ्या पहिल्या प्रॅक्टिकलला त्यांनी वर्गाला, भीती कोणाला वाटते, असं विचारलं होतं, "भ्याव कोणले वाटस?" मॅडम अक्कलकुव्याच्या, घरी हिंदी बोलणाऱ्या, पण पोरांना समजावं म्हणून अहिराणी धरायच्या. पोरं छाती काढून उभी. माझा हात अर्धवट वर गेला आणि लाजून खाली यायला लागला. "ऱ्हाऊ दे वर," त्या म्हणाल्या, "हाई पोर शिकी." म्हणजे, ही पोर शिकेल. मग त्यांनी आपली रीत दाखवली. आधी मेन बंद, मग टेस्टर, आणि तरीही सगळ्यात शेवटी बोटांची उलटी बाजू, नुसती टेकवायची. करंटनं मूठ आवळते. सुलटा हात लावला तर तो तारेलाच धरून बसतो, उलटा लावला तर झटकला जातो. "हे पेपरात लिहू नका, मार्क कापतील," असंही वर सांगितलं.

या बाईंचा हात मग सगळीकडेच उलटा. लोखंडी कपाट, फ्रिज, पाण्याची मोटार, स्वतःच्या घराची कडी... आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. ती थट्टा एका दुपारी थांबली. मेन बंद होता, टेस्टर पेटला नाही, मी टर्मिनल धरायला सरळ हात घातला. मॅडमनी मला कोपरानं ढकललं आणि आपली बोटं टेकवली. त्यांचा हात उडून कपाटावर आदळला. जनरेटरची वायर कुणीतरी भलत्याच जागी जोडून ठेवली होती आणि टेस्टर बिघडलेला होता. त्या स्टुलावर बसल्या.

"लागलं का मॅडम?"

"भ्याव वाटनं," त्या म्हणाल्या. एवढी मोठी बाई तो शब्द स्वतःबद्दल वापरत होती.

त्या दिवशी त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचे, दुकान घरापुढेच. शमीम शाळेतून आली तेव्हा त्यांची मूठ एका मोटारीला आवळलेली होती. ती धावली, तर आई किंचाळली, "हाथ मत लगा!" शमीम उभी राहिली. आईनं मेन पाडला, पण उशीर झाला होता. त्या मोटारीला अर्थिंग नव्हतं. पुढे सगळ्यांचा विरोध पत्करून ही मुलगी इंजिनिअर झाली, वर्गात एकटी मुलगी म्हणून चार वर्षं पहिल्या बाकावर बसली. नंतर पीएच.डी. केली तीही अर्थिंगवरच. काठी गावाकडच्या डोंगरात खडकाळ जमिनीत खड्डे घेऊन, कोळसा-मीठ भरून, पावसाआधी आणि पावसानंतर अर्थिंगचा रोध मोजत फिरल्या. हाच विषय का, असं विचारलं की त्या आकडे सांगायच्या. वडिलांचं नाव काढत नसत.

मातीच्या दिवशी मी अक्कलकुव्याला गेले. बायकांच्या खोलीत चेहरा उघडा ठेवला होता. जवळ त्यांची म्हातारी अम्मी. मी कपाळाला हात लावायला गेले आणि हात आपोआप उलटा झाला. गार कपाळ. हात झटकला गेला नाही, पण मी घाबरून मागे घेतला. अम्मीनं तो पाहिला. माझं मनगट धरलं, हात सुलटा केला आणि कपाळावर ठेवला.

"लगा ले बेटी," ती म्हणाली, "अब कुछ नहीं होता."

मी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. मला हात उचलवेना.

गेल्या आठवड्यात लॅब सुरू झाली. सुपडूभाऊंनी मेन पाडला, टेस्टर माझ्या हातात दिला आणि बाजूला झाले. नवीन पोरं-पोरी रांगेत उभी होती, त्यांच्या आयांनी त्यांना माझ्या भरवशावर पाठवलेलं. रात्रभर एकच चित्र डोळ्यांपुढे होतं, यातल्या एखाद्याची आवळलेली मूठ. मी बोर्डाकडे पाहिलं. पळून जावंसं वाटलं, खरंच वाटलं.

"भ्याव कोणले वाटस?" मी विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघून हसली. कुणीच हात वर केला नाही. मग मी माझा केला.