विल्फ रेनच्या भिंतीवरचा खडू

विल्फ रेन इंग्लंडमधल्या डरहमच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षं होता, त्यातली एकोणीस हवा तपासणारा मुकादम म्हणून. पाळी सुरू होण्याआधी तो आत फिरून यायचा. हातातल्या दिव्याची वात बारीक करायची आणि ज्योतीवर निळी टोपी चढते का बघायचं. चढली तर गॅस आहे. नाही चढली, तर भिंतीवर खडूनं तारीख, वेळ आणि आपल्या नावाची दोन अक्षरं. त्या अक्षरांच्या भरवशावर माणसं आत जायची. त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या खाणीत, दुसऱ्या कुणाच्या खडूच्या भरवशावर आत गेला. तो वर आलाच नाही.

पुढे खाण बंद झाली. निवृत्त कामगारांना कोळसा फुकट मिळायचा. तो हक्क आम्ही खाणकामगारांनी भांडून घेतला होता, कुणी उपकार केले नव्हते. विल्फच्या शेकोटीत तोच जळायचा. पण त्याची छाती धुळीनं गच्च झालेली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही: "घरातला धूर बंद करा. नाहीतर पुढच्या हिवाळ्याचं मला विचारू नका."

त्याची बायको एडना म्हणाली, "गॅसची शेकोटी बसवू."

"गॅस? घरात? त्याला हुसकावण्यात जन्म गेला माझा."

"मग बस कोळसा उराशी धरून. निम्मा आहेच तिथं."

दुकानात एडनाला मातीचे नकली कोळसे रचलेली शेकोटी पसंत पडली. पिवळ्या ज्वाळा, अगदी खऱ्यासारख्या. विल्फ खोकत खोकत हसला. "कोळशाच्या गावात मातीचा कोळसा! शेजारी काय म्हणतील?" त्यानं सगळ्यात साधी शेकोटी निवडली. पांढऱ्या जाळ्या, मागे निळी ज्योत, बाकी काही नाही.

"दवाखान्यात बसल्यासारखं वाटेल," एडना कुरकुरली.

"मला ज्योत निळी दिसली पाहिजे. हवा कमी पडली की ती पिवळी पडते. आधीच पिवळी असली तर काय कळणार, कप्पाळ?"

गॅसवाल्या मिस्त्रीनं चिमणी साफ केली, शेकोटी बसवली, धुराची काडी पेटवून धूर वर खेचला जातो का ते दाखवलं. मग ताजी हवा आत यायला बाहेरच्या भिंतीला खाली एक झरोका पाडला. "मिस्टर रेन, हा कधी बुजवू नका. विषारी वायू साठेल."

"पोरा, हे तू मला सांगतोस?"

आठवड्यात थंडी पडली. झरोक्यातून एडनाच्या पायांवर गार वारं यायचं. आमच्या गावात वारं आलं की फट बुजवायची, ही सवय हाडात मुरलेली. तिनं विल्फचा खाणीतला जुना लोकरी मोजा झरोक्यात कोंबला.

दुपारी विल्फ चहा पीत होता. बोलता बोलता थांबला. ज्योतीचं टोक पिवळं, आळसावलेलं. त्यानं कप ठेवला, गॅस बंद केला, दार सताड उघडलं आणि गुडघ्यांवर बसून मोजा ओढून काढला. तेवढ्यानं त्याला धाप लागली.

"एडना," तो म्हणाला, "भावाच्या खाणीतही कुणीतरी हवेची वाट अशीच बुजवली असेल. गार लागत होतं म्हणून."

एडनाला वाटलं, आता हा शेकोटी उपटून फेकणार आणि कोळसा परत आणणार. विल्फ उठला तो कपाटाकडे गेला. परत आला तेव्हा हातात खडू होता. झरोक्यापुढे ओला तळहात धरून त्यानं वारं चाचपलं, शेजारच्या नव्या वॉलपेपरवर तारीख, वेळ आणि दोन अक्षरं लिहिली, आणि मगच शेकोटी परत पेटवली.

तेव्हापासून रोज सकाळी आणि संध्याकाळी. एडना भिंती पुसायची, तेवढा तुकडा सोडून. तिची खुर्ची तिनं पलीकडे सरकवली.

पुढच्या वर्षी मिस्त्री तपासणीला आला. विल्फ खुर्चीत होता, आणखी वाळलेला, पण होता. मिस्त्रीनं सगळं बघून शेकोटीवर 'तपासले' अशी चिकटपट्टी लावली, आणि मग भिंतीवरच्या खडूच्या ओळींकडे बघत उभा राहिला.

विल्फनं चिकटपट्टीवरची तारीख वाचली.

"वर्षातून एकदा?" तो म्हणाला. "आमच्या खाणीत असतास तर घरी पाठवला असता."